मॅडम आल्या की लाइन गप्प होते

ताई,

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मूळची सोलापूर जिल्ह्यातली. सरकारी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री. मशीनिंगची लाइन माझ्याकडे आहे. सीएमएम (मापं घेणारं यंत्र), गेज, एसपीसी (मापांचे चार्ट), कस्टमर कंप्लेंट, सगळं मीच बघते. यंदा मी असिस्टंट मॅनेजर होईन असं सगळेच म्हणत होते. झाला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनिअर असलेला मुलगा. माझ्या अप्रायझलमध्ये साहेबांनी एकच ओळ लिहिली: ‘टेक्निकली उत्तम. सॉफ्ट स्किल्सवर काम करणे आवश्यक.’

त्यामागे पावसाळ्यातला एक प्रसंग असावा. थर्ड शिफ्टला एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान येत होता. गो गेज (भोक पुरेसं मोठं आहे का ते तपासायचं माप) अडकत होता, पण जोर लावला की जात होता, म्हणून पोरांनी माल तसाच पुढे ढकलला. सकाळी डिस्पॅच झाला, कस्टमरच्या लाइनवर पकडला गेला आणि मला तिकडे जाऊन दोन दिवस सॉर्टिंग करत बसावं लागलं. परत आल्यावर मी त्या ऑपरेटरला लाइनवरच झापलं. ‘गेज धरायची अक्कल नाही तर मशीनवर उभा कशाला राहतोस’ म्हणाले. कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा होता, आठवड्याभरात सोडून गेला. तेव्हापासून मी आले की लाइनवर सगळे गप्प होतात. सकाळच्या मीटिंगला उलटं. प्रॉडक्शन मॅनेजर सगळ्यांसमोर ‘क्वालिटीनं माल अडवलाय’ म्हणतात आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मग जागेवर येऊन मी मेल टाकते.

नवरा म्हणतो, जरा गोड बोलायला शीक. एचआरनं अठरा हजारांचा एक कोर्स सुचवलाय: पर्सनॅलिटी, इंग्रजी संभाषण, बॉडी लँग्वेज. करू का? की कंपनीच बदलू? त्या पोराला फोन करावा का? आणि खरं सांगा, मी चुकीचं काय बोलले? पार्ट खराबच होता ना?

– चाकणची क्वालिटीवाली

* * *

पार्ट खराबच होता. गो गेज ज्या भोकात अलगद जात नाही ते भोक लहान, यात मतभेदाला जागाच नाही. तो माल पुढे ढकलणं चूक होतं आणि तुम्हाला राग आला यातही काही गैर नाही.

तुमच्या पत्रात मी अडखळले ती जागा वेगळी. ‘जोर लावला की जात होता’ हे तुम्हाला कळलं कधी? बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं पातं, झिजतो तसं भोक हळूहळू लहान होत जातं, एका फटक्यात नाही. म्हणजे रात्री कधीतरी गेज पहिल्यांदा किंचित घट्ट गेला, मग आणखी घट्ट, मग अंगठ्याचा जोर लागायला लागला. हातानं काम करणाऱ्याला हे रिपोर्टवर यायच्या कितीतरी आधी कळतं. मशीनवरच्या पोराला कळलं होतं, शेजारच्या मशीनवाल्यालाही त्यानं बहुधा दाखवलं असेल. आणि लाइनवर सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट तुमच्यापर्यंत आली ती कस्टमरच्या लाइनला वळसा घालून.

सॉफ्ट स्किल्सचं माझं माप एवढंच आहे: वाईट बातमी तुमच्याकडे किती लवकर येते आणि तुमच्याकडून वर किती स्पष्ट जाते. गोडव्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. खांद्यावर हात ठेवून ‘बेटा, बेटा’ करणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. त्यांनाही कुणी काही सांगत नाही, कारण सांगून काही होत नाही हे लाइनला माहीत असतं. उलट तोंडानं फटकळ असलेले एक-दोन जुने फोरमन असे पाहिले की खराब पार्ट हातात घेऊन पोरं आधी त्यांच्याकडे पळत. तेव्हा नवरोबांना सांगा, सल्ला मनापासून दिलाय, पण रोख चुकलाय.

एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत. हार्वर्डमध्ये पीएचडी करत असताना त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका मोजायला घेतल्या. अंदाज साधा होता: जिथं माणसं एकमेकांशी नीट वागतात तिथं चुका कमी. आकडे आले उलटे. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका नोंदलेल्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, बोलल्या जात होत्या. जिथं हेड नर्सची दहशत होती तिथं त्या वहीत उतरतच नव्हत्या. १९९९ मध्ये त्यांनी हेच सूत्र धरून एका उत्पादन करणाऱ्या कंपनीतल्या ५१ टीम्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. चूक कबूल केली, शंका विचारली तर आपली शोभा होणार नाही असा भरवसा जिथं होता, त्या टीम जास्त शिकत होत्या आणि कामही चांगलं करत होत्या.

हे तुम्हाला सांगण्याचं कारण आहे. त्या प्रसंगानंतर तुमच्या लाइनवरचं इन-हाउस रिजेक्शन कागदावर कमी झालं असेल, तर हुरळून जाऊ नका. खराब पार्ट टाकायचा लाल ट्रे रिकामा दिसायला लागला की क्वालिटीवाल्यानं आधी घाबरावं. माल सुधारला असेल किंवा माणसं मिटली असतील, आणि यातलं काय झालंय ते ट्रेकडे बघून कळत नाही.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येऊ. त्या कंप्लेंटचा एट डी, म्हणजे कस्टमरला द्यायचा आठ पायऱ्यांचा अहवाल, तुम्हीच भरला असणार. समजा, मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिलं’ असं लिहिलं असतं. कस्टमरचा सप्लायर क्वालिटीवाला काय म्हणाला असता? तसाच परत पाठवला असता आणि खाली प्रश्न टाकले असते. गेज अडकला की थांबायचं, हे कुठं लिहिलंय? टूल किती पार्टनंतर बदलायचा ते कुणी ठरवलं? पहाटे तीनला नवा इन्सर्ट मिळतो का, की टूल क्रिबला, म्हणजे टूल ठेवायच्या खोलीला, कुलूप असतं? मशीन थांबवलं असतं तर त्या पोराला प्रॉडक्शनच्या सुपरवायझरनं काय ऐकवलं असतं? हे प्रश्न तुम्हाला पाठ आहेत. कागदावर तुम्ही व्हाय-व्हाय पाच थर खाली नेता. माणूस समोर आल्यावर मात्र पहिल्याच ‘का’पाशी थांबलात आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकलंत: अक्कल नाही.

म्हणून मला तुमची काळजी वाटत नाही. जे शिकायचंय ते तुम्ही शिकलेल्या आहात, फक्त ते लोखंडापुरतं राखून ठेवलंय.

एट डीचंच आणखी थोडं. फोर्डनं १९८७ मध्ये ही पद्धत पुस्तिकेत बांधली, तेव्हा आठ पायऱ्यांतली पहिली ठेवली टीम जमवण्याची आणि शेवटची टीमचं अभिनंदन करण्याची. मधल्या सहा पायऱ्यांवर आपण घाम गाळतो. पहिल्या रकान्यात ठरलेली पाच नावं मागच्या फाइलमधून चिकटवली जातात (त्यातल्या दोघांना आपण टीममध्ये आहोत याचा पत्ताही नसतो) आणि शेवटी ‘टीमचे अभिनंदन करण्यात आले’ हे वाक्यही तिथूनच येतं. पुढच्या कंप्लेंटला पहिल्या रकान्यात ज्याच्या हातून तो पार्ट गेला त्या ऑपरेटरचं नाव घाला, आणि खरंच घाला. त्याला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावू नका. एसीत खुर्चीवर बसवलेला कॉन्ट्रॅक्टचा पोरगा ‘हाँ मॅडम’ याखेरीज काही बोलणार नाही. त्याच्या सुपरवायझरला विचारून पंधरा मिनिटं मागून घ्या आणि मशीनपाशीच उभ्या राहा. ‘कौनसे पीस से टाइट लगने लगा?’ हा पहिला प्रश्न. ‘किसने किया?’ हा प्रश्न विचारूच नका. शिफ्टचा चार्ट बघून कुणाची पाळी होती ते तुम्हाला कळतंच, मग तो प्रश्न फक्त घाबरवण्यापुरता उरतो.

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळणं हा तुमच्या स्वार्थाचाही भाग आहे. मागे मागे जात शेवटचा ओके पार्ट शोधायचा आणि त्याच्या पुढचा सगळा माल संशयित म्हणून बाजूला काढायचा, हे तुम्ही करताच. तो ‘शेवटचा ओके’ कुठं आहे ते त्या पोराच्या हाताला माहीत असतं. त्यानं भीतीपोटी तासाभराचा फरक केला, तर तुम्ही एक तर चांगला माल तपासत बसाल किंवा खराब माल पाठवाल.

कुणी स्वतःहून शंका घेऊन आलं, की तुमचं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. ‘बरं झालं सांगितलंस.’ बस. त्यानंतर पार्ट बघा, त्यानंतर प्रश्न विचारा. पार्ट ठीक निघाला, त्याची शंका फुकट गेली, तरी तेच वाक्य. आणि तो परत मशीनवर गेल्यावर प्रॉडक्शनचा माणूस त्याच्यावर ओरडला, तर तिथं जाऊन ‘मशीन मी थांबवायला सांगितलंय’ असं तुम्ही म्हणायचं. हे शेवटचं अवघड आहे. पण ते न करता नुसतं ‘माझ्याकडे बिनधास्त या’ असं फलकावर लिहून काही होत नाही. टोयोटाच्या लाइनवर अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो आणि दिवा लागतो. दोरी ओढल्या ओढल्या लाइन थांबत नाही, आधी टीम लीडर त्याच्यापाशी येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेतो अडचण सुटली तर लाइन चालूच राहते, नाही सुटली तर थांबते. आपल्याकडच्या कारखान्यांनी ती दोरी आणि तो दिवा आणून लावला. धावत येणारा माणूस आणायचा राहिला.

एक अडचण तुमच्या हातातली नाही, तीही सांगून टाकते. बहुतेक कारखान्यांत क्वालिटीतल्या बायका जनरल शिफ्टला असतात, रात्रपाळीला नसतात. थर्ड शिफ्टच्या माणसांना तुम्ही कशा माहीत आहात? सकाळी मागे राहिलेली चिठ्ठी, फोनवरचा आवाज आणि काही बिघडलं की शोधत येणाऱ्या मॅडम. चांगल्या मनःस्थितीतल्या तुम्ही त्यांना कधी भेटलेल्याच नाही. आठवड्यातून दोनदा फर्स्ट शिफ्टच्या बसनं या. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं लाइनवर उभ्या राहा, थर्डवाल्यांना ‘रात्री काय त्रास झाला?’ एवढंच विचारा आणि वहीत लिहून घ्या. पहिले काही दिवस ‘काही नाही मॅडम’ हेच ऐकायला मिळेल. मग कुणीतरी म्हणेल की कूलंटचं प्रेशर कमी येतंय. ते त्याच दिवशी मेंटेनन्सकडून करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगा की झालं. भरवसा असाच कूलंटबिलंटपासून सुरू होतो.

सुपरवायझरनं माणसांशी कसं वागावं याचं शास्त्र नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवी माणसं आली, त्यात बायका पुष्कळ होत्या. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तिथल्या सरकारनं सोळा लाखांहून जास्त लोकांना एक छोटं प्रशिक्षण दिलं. युद्धानंतर ते जपानला गेलं आणि टोयोटानंही ते उचललं. माणसांशी वागण्याच्या भागात चार गोष्टी सांगितल्या होत्या. काम कसं चाललंय ते ज्याचं त्याला सांगत राहा. श्रेय असेल तिथं लगेच द्या. ज्या बदलाची झळ माणसाला बसणार आहे तो त्याला आधी सांगा. आणि ज्याच्यात जी कुवत आहे ती वापरा. खिशात मावेल अशा कार्डावर एवढंच. अठरा हजारांच्या कोर्समध्ये याहून जास्त काही मिळेल असं मला वाटत नाही.

यातलं तिसरं क्वालिटीवाले हटकून विसरतात. नवी चेकशीट सोमवारी सकाळी मशीनवर लटकलेली दिसते. आधी तासाला दोन पार्ट मोजायचे, आता पाच. का, ते कुणी सांगितलेलं नसतं, टार्गेट मात्र तेवढंच असतं. मग पोरं चहाच्या वेळी बसून सगळे आकडे एकदम भरतात, एसपीसीचा चार्ट रांगोळीसारखा देखणा येतो आणि आपण तो ऑडिटला दाखवतो. शनिवारी पाच मिनिटं त्यांच्याशी बोलला असतात तर निदान तीन पार्ट खरे मोजले गेले असते.

श्रेयाबद्दल आपण मराठी माणसं जरा कंजूष आहोत. घरीदारी ‘ठीक आहे’ ही कौतुकाची परमावधी. लाइनवर ते पुरत नाही. ‘शाब्बास’ मोघम असलं की तेही पुरत नाही. ‘काल तू गेज घट्ट लागल्यावर थांबलास म्हणून ट्रॉली वाचली’ असं नेमकं सांगा, आणि त्याच्या सुपरवायझरच्या कानावर पडेल असं सांगा.

आता मीटिंग. खाली आवाज चढतो आणि वर बंद होतो, हा तुमचा एकटीचा दोष नाही. बऱ्याच चांगल्या इंजिनिअरांचं असंच होतं. पण खरं नुकसान इथं होतंय. प्रमोशनचा निर्णय घेणारी माणसं मीटिंगमध्ये बसतात आणि त्यांना दिसतं ते एवढंच: आरोप झाला की ही गप्प, आणि अर्ध्या तासानं चार जणांना सीसी ठेवून मेल. तो मेल कितीही खरा असला तरी चुगलीसारखा वाचला जातो. तो बंद करा. नोंदीसाठी मेल लागतोच, पण तो बोलून झाल्यावर, ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे’ अशा सुरुवातीचा.

प्रॉडक्शन मॅनेजरला मीटिंगच्या आधी गाठा. नऊची मीटिंग असेल तर पावणेनऊला. त्यांना विचारा, आज कुठला डिस्पॅच अडचणीत आहे. त्यांच्या डोक्यावर ट्रकची वेळ असते, तुमच्या डोक्यावर पीपीएम, म्हणजे दहा लाख पार्टांमागे खराब किती. हे भांडण तुमच्या स्वभावातून आलेलं नाही, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या की ते होतंच. अनुभवावरून एक सांगते: प्रॉडक्शनवाले क्वालिटीवर चिडतात ते ‘नाही’ म्हटल्याबद्दल कमी आणि लटकवून ठेवल्याबद्दल जास्त. पिवळी पट्टी लावून माल होल्डवर पडलाय, मॅडम सीएमएमवर आहेत, फोन लागत नाही, ट्रक दारात. ‘साडेअकराला सांगते’ म्हणा आणि साडेअकराला सांगा. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल. रिवर्क होणार असेल तर तेही त्याच दमात सांगा. तुमचा बोअर लहान होता, म्हणजे भोक वाढवता येण्यासारखं होतं. असा माल भंगारात जात नाही, हे सांगणारी क्वालिटी प्रॉडक्शनला आवडते.

तरीही मीटिंगमध्ये कुणी ‘क्वालिटीनं अडवलंय’ म्हणालंच, तर सफाई द्यायला जाऊ नका. तीन वाक्यं पुरेत. ‘बोअर खालच्या लिमिटकडे सरकतोय. दुपारी दोनपर्यंत बाहेर जाईल. टूल बदलायला मला वीस मिनिटं मशीन हवंय.’ काय दिसतंय, कधीपर्यंत काय होईल, तुमच्याकडून काय हवं. ‘मला वाटतं’, ‘थोडा इश्यू असू शकतो’ असल्या फोडण्या नकोत. पहिल्या दिवशी आवाज कापेल, कापू दे. वाक्यं कागदावर लिहून नेली तरी कुणी हसणार नाही. मराठीत बोला, हिंदीत बोला, साहेबांना कळेल त्या भाषेत बोला.

इंग्रजीचा प्रश्न त्यामुळेच मला इथं गौण वाटतो. कस्टमरच्या ऑडिटला, एट डीच्या सादरीकरणाला इंग्रजी लागतं आणि असिस्टंट मॅनेजर झाल्यावर जास्त लागेल. तेवढं शिका, त्याला अठरा हजार लागत नाहीत. तुमच्याच कंपनीतले जुने, मंजूर झालेले एट डी काढा, मोठ्यानं वाचा, स्वतःचे तसे लिहा, पुढच्या कस्टमर कॉलला पाच मिनिटं मीच बोलते म्हणून साहेबांकडून मागून घ्या. बॉडी लँग्वेजच्या कोर्समध्ये हात कसे ठेवायचे ते शिकवतील. सेफ्टी शूज घालून, हातात व्हर्नियर धरून उभं राहिल्यावर हात कुठं ठेवायचे हा प्रश्न पडत नाही. कंपनी पैसे भरत असेल तर जा, दोन दिवस चांगलं जेवण मिळेल. स्वतःच्या खिशातून नको.

आणि साहेबांची ती एक ओळ. ‘सॉफ्ट स्किल्स’ हा शेरा फार सोयीचा असतो, त्यात काहीही बसतं. तुम्ही गृहीत धरलंय की त्यामागे पावसाळ्यातला प्रसंग आहे. असेलही, पण तुम्ही विचारलेलं नाही. साहेबांची वेळ घ्या आणि सांगा: ‘सर, माझ्या बोलण्यामुळे काम अडलं असा एक प्रसंग मला सांगा. आणि पुढच्या अप्रायझलला तुम्हाला काय वेगळं दिसायला हवं तेही सांगा.’ मग गप्प बसा. ते लाइनवरचा प्रसंग सांगतील, मीटिंगमधलं मौन सांगतील किंवा मेल. यातलं काहीही असो, काम करता येईल. दोन ओळींत लिहून त्यांना पाठवा, म्हणजे मार्चमध्ये मोजायला काहीतरी हातात राहील.

पण प्रसंग एकही सांगता आला नाही, नुसतं ‘ॲटिट्यूड’, ‘जरा तिखट आहात’, ‘सगळ्यांना घेऊन चालायला हवं’ एवढंच आलं, तर डोळे उघडे ठेवा. तोच आवाज पुरुषाचा असला की ‘कडक’ आणि बाईचा असला की ‘उद्धट’, हे कारखान्यांत चालतं, ऑफिसांत चालतं, आणि त्याचं खापर सॉफ्ट स्किल्सवर फोडणं सोपं असतं. ज्याला प्रमोशन मिळालं तो लाइनवर कसा बोलतो, ते शांतपणे बघा. तोही पोरांना झापत असेल आणि त्याच्या फॉर्मवर ही ओळ नसेल, तर तुमच्यात सुधारायला जे आहे ते सुधाराच, पण ती ओळ त्यामुळे आली असं समजू नका. अशा वेळी निकष लेखी मागायचे. आवाज न चढवता, आणि दर वर्षी.

त्या पोराला फोन? करायचा असेल तर करा, कॉन्ट्रॅक्टरकडे नंबर असेल. ‘लाइनवर तसं बोलायला नको होतं’ एवढं म्हणा आणि ठेवा. परत ये वगैरे म्हणू नका, नोकरी देणं तुमच्या हातात नाही. बहुधा तो चाकणमध्येच दोन गल्ल्या पलीकडच्या कंपनीत महिना पाचशे जास्त घेऊन लागलेला असेल आणि त्याला तुमच्या फोनचं नवल वाटेल. मला त्याच्यापेक्षा त्या दिवशी आजूबाजूला उभं राहून ऐकणाऱ्यांची काळजी जास्त आहे. झापलं एकाला, शिकले सगळे: घट्ट लागलं तर मॅडमना कळू द्यायचं नाही. तेव्हा जे एकांतात फोनवर म्हणाल, ते लाइनवरही म्हणा. शिफ्ट सुरू होतानाच्या पाच मिनिटांच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, सुपरवायझरसमोर, दोन वाक्यांत. ‘त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते बोलायला नको होतं. गेज घट्ट लागला तर थांबा आणि मला बोलवा, थांबवल्याबद्दल कुणी बोललं तर ते माझ्यावर.’ याहून लांबवू नका. भाषण झालं की खोटं वाटायला लागतं.

कंपनी बदलण्याचं मार्चपर्यंत थांबवा. साहेबांशी ते बोलणं होऊ दे, मग हाताशी काय आहे ते दिसेल. तोवर गेलात तर जाताना हाच शेरा सोबत घेऊन जाल. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव हा पट्टा केवढा मोठा दिसतो, पण तुम्ही जिथं मुलाखत द्याल तिथला कुणीतरी तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरच्या ओळखीचा निघणार आणि संध्याकाळी त्यांना फोन लावणार. त्या फोनवर ते काय सांगतील, ते पुढच्या चार-सहा महिन्यांतल्या साडेअकराच्या उत्तरांवर ठरेल.